ओल कापसात मोजता, डीपीत का नाही?



हमीभावाच्या केंद्रावर गाडी लागली की आधी कापसाची ओल मोजतात. ८ टक्क्यांच्या वर निघाली की भाव कापतात, १२ च्या वर गेली की माल परत. ठीक आहे. मग शिवारातल्या डीपीच्या पेटीत पाणी शिरते, त्या ओलीची कपात कोणाच्या नावावर टाकायची?

पेटीचे दार मोडलेले, कडेचे रबर गायब, वायरी वरच्या भोकातून सोडलेल्या. मृगाचा पाऊस आला की फ्यूज उडतात. उत्तर तयार असते : शेतकऱ्यांनी आकडे टाकले, लोड वाढवला. आकडे टाकणाऱ्याची बाजू आम्ही घेत नाही. पण पाणी आकडा टाकून शिरत नाही, उघड्या दारातून शिरते!

आपल्याही चुका आहेत. स्टार्टरच्या पेटीला प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका. दिवसा पेटी तापते, आतली हवा बाहेर जाते. रात्री निवते, दमट हवा आत ओढली जाते आणि पत्र्याला आतून दव सुटते. प्लास्टिकने ती ओल कोंडते. त्यापेक्षा वर उतरते छप्पर करा. वायर खालून घ्या, आत जाण्याआधी झोळ द्या. थेंब तिथेच गळतो. तळाला निचऱ्याचे बारीक भोक ठेवा. युरियाचे पोते मोटारीच्या खोलीत नको. युरिया ओल ओढतो, तांब्या-पितळेचे कॉन्टॅक्ट खातो. हे सारे वीज तोडूनच करा.

पण डीपी आपली नाही. तिला हात लावू नका. ओल्या पेटीला हात लावणारा माणूस घरी परत येईलच असे नाही. ती कंपनीची जबाबदारी आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे सेवेचे ठरलेले मानक पाळले नाही तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. तोंडी तक्रारीला पुरावा नसतो. अर्ज द्या, पोच घ्या.

कोरडवाहूच्या विहिरीत पाणी ते किती? बोंडे भरताना एक, नाहीतर रब्बी ज्वारी पोटरीत असताना एक. नेमकी तेव्हा डीपी जळाली तर पीक दुरुस्तीची वाट पाहत नाही.

जिल्हा बैठकीला येताना गावातल्या प्रत्येक डीपीची नोंद आणा : दार आहे का, रबर आहे का, अर्थिंग आहे का. भीक नको, हिशोब हवा. ओल मोजायचीच तर दोन्हीकडे मोजा!