संगीत नाटकाचा गल्ला

मराठी संगीत नाटकाचे दिवस संपले, अशी हळहळ नागपुरातील सुशिक्षित वर्गात वर्षानुवर्षे व्यक्त होत आली आहे. बालगंधर्वांची जयंती आली की तिला विशेष भरते येते. वस्तुतः कन्हानच्या पुलाखालून जाणारे पाणी पुढे ज्या वैनगंगेला मिळते, तिच्या दोन्ही तीरांवर दिवाळीपासून होळीपर्यंत तिकीट लावून, पेटी-तबल्याच्या साथीने, रात्र रात्र नाटके चालतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील ही झाडीपट्टीची रंगभूमी होय. कन्हानहून पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीने गोंदिया गाठावे आणि तेथून चंद्रपूरच्या बाजूची गाडी धरावी, की तिचे मुख्य ठाणे वडसा लागते. इतक्या जवळ नांदणाऱ्या संगीत नाटकाची गणना मात्र संगीत नाटकाच्या चर्चेत क्वचितच होते.

याचे कारण असे की, आपल्याकडे नाटकाचा इतिहास नाटककार आणि गायक यांच्या नावांनी लिहिला जातो. तो जमाखर्चाच्या वहीवरून कोणी लिहिला असता, तर चित्र निराळे दिसले असते. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. 1851 साली चिंतामणराव निवर्तले, आश्रय संपला आणि भाव्यांना पोटासाठी गावोगाव हिंडावे लागले. 1853 साली त्यांचे खेळ मुंबईत झाले. राजाश्रय टिकला असता तर ती नाटके बहुधा सांगलीच्या वाड्यातच राहिली असती. त्यांचा प्रसार केला तो अडचणीने.

दूर देशातील एक उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. स्पेनमध्ये संवाद आणि गाणी यांनी मिळून बनलेला 'सार्सुएला' नावाचा नाट्यप्रकार आहे. चौथा फिलिप राजा याच्या माद्रिदजवळील शिकारमहालाच्या नावावरून त्याला हे नाव पडले. सतराव्या शतकात तो दरबारी करमणुकीचा भाग होता. एकोणिसाव्या शतकात त्याचे पुनरुज्जीवन झाले आणि 1856 साली माद्रिदमध्ये त्याचे स्वतंत्र नाट्यगृह उघडले. परंतु तो सर्वसामान्यांचा झाला तो 1868 च्या राज्यक्रांतीनंतरच्या आर्थिक ओढाताणीत. पूर्ण रात्रीच्या खेळाचे तिकीट कारागिराला परवडेना, तेव्हा व्यवस्थापकांनी तासाभराचे खेळ बसविले, एका संध्याकाळी असे तीन-चार खेळ लावले आणि प्रत्येकाचे तिकीट वेगळे ठेवले. उच्चभ्रू टीकाकारांनी नाके मुरडली, तरी नाट्यगृहे भरली.

हाच प्रकार गलबतांतून क्यूबा, मेक्सिको आणि फिलिपीन्सला गेला. फिलिपीन्समधील स्पॅनिश सत्ता 1898 साली संपली, पण सार्सुएला गेला नाही. त्याने भाषा बदलली. 1902 साली सेवेरिनो रेयेस यांनी तागालोग भाषेत लिहिलेले 'वालांग सुगात' मनिलात रंगले आणि परक्यांचा नाट्यप्रकार तेथील लोकांच्या राष्ट्रभावनेचे साधन बनला.

मराठीची गोष्टही फार वेगळी नाही. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीत मराठी नाटकाची कल्पना निघाली, आणि पुढे मराठी कंपन्यांचे हुबळी-धारवाडकडील यश पाहून गदगच्या शांतकवींना कन्नड नाटक मंडळी काढावीशी वाटली. गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात 'शाकुंतल' आणि नंतर 'सौभद्र' रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांतील पदांना साकी, दिंडी, लावणी आणि कानडी चाली होत्या. झाडीपट्टीच्या नाटकांत उडत्या चाली आणि लावण्या घुसल्या, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे विसरू नये.

मग मोठ्या मंडळ्या का बुडाल्या? बोलपट आला, हे उत्तर अर्धेच आहे. 1932 साली 'अयोध्येचा राजा' पडद्यावर आला, त्याच्या आधीपासूनच मंडळ्यांचा ठरावीक खर्च उत्पन्नाला झेपेनासा झाला होता. नट, वादक, आचारी, गडी असा मोठा परिवार बारमाही पोसायचा, कपडेपट आणि देखावे थाटाचे ठेवायचे आणि गल्ला मात्र रोजच्या गर्दीवर सोडायचा, असा तो व्यवहार होता. 1935 साली खुद्द बालगंधर्व 'धर्मात्मा' या चित्रपटात उभे राहिले. नंतरच्या काळात संगीत नाटके निर्माण झाली नाहीत असे नव्हे. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' 1967 साली आले आणि गाजले. पण ते उभे केले मुंबईच्या 'नाट्यसंपदा'ने. नाटककार येथला, गल्ला तेथला.

झाडीपट्टीने हा प्रश्न आपल्या परीने सोडविला आहे. गावातील मंडळ कंपनीशी ठरावीक रकमेचा करार करते आणि तिकिटे स्वतः विकते. तोट्याची जोखीम त्यामुळे कंपनीवरून गावावर येते, आणि गाव ती पेलू शकते, कारण धान नुकतेच निघालेले असते, हातात पैसा असतो आणि मंडई किंवा शंकरपटाच्या निमित्ताने घरोघरी पाहुणे आलेले असतात. कलावंताला रात्रीच्या हिशेबाने मोबदला मिळतो. त्याला बारमाही पोसण्याचा भार कोणावर नसतो. पिकाचे चक्र आणि नाटकाचे चक्र एकमेकांत असे गुंतले आहे की एकाला धक्का लागला तर दुसरे हलते. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या, त्या डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा सुरू झाल्या. या काळात बैलांविषयी आणि शेतकऱ्यांविषयी पुष्कळ बोलले गेले. पट नाही तर पाहुणे नाहीत आणि पाहुणे नाहीत तर तिकिटे खपत नाहीत, हा हिशेब शहरांतील चर्चेत फारसा आला नाही.

या व्यवस्थेची दुखरी बाजू उघड आहे. बारमाही भार कंपनीवर नाही, याचा अर्थ तो कलावंतावर आहे. होळीनंतर सहा-सात महिने शेती किंवा मजुरी हाच त्याचा आधार. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, ही आनंदाची गोष्ट झाली. पण सन्मान एकाचा होतो आणि पावसाळा सर्वांना काढायचा असतो. रात्रीचा प्रवास करून पहाटे दुसऱ्या गावी पोहोचणाऱ्या स्त्री कलावंतांना विमा, निवासाची सोय आणि लेखी करार यांची गरज शहरातील नटीपेक्षा कमी नाही.

शासनाने अनुदान द्यावे, ही मागणी अशा वेळी पटकन सुचते. ती मात्र जपून करावी. प्रयोगाला अनुदान मिळू लागले की प्रयोग प्रेक्षकासाठी न होता अर्जासाठी होऊ लागतो, आणि तिकीट काढणाऱ्या गावकऱ्याचा आजचा अधिकार कमी होतो. पैसा द्यावयाचाच तर तो कलावंताच्या रिकाम्या महिन्यांसाठी, अपघात विम्यासाठी आणि संहिता जतन करण्यासाठी द्यावा. खेळाची किंमत गावाला ठरवू द्यावी. त्यासाठी आधी हिशेब हवा. नागपूर आणि गोंडवाना या दोन्ही विद्यापीठांतील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एकेक गाव घेऊन एका हंगामाचा जमाखर्च मांडला, म्हणजे कराराची रक्कम, खपलेली तिकिटे, मंडपवाला, चहावाला आणि वादक यांच्या हाती पडलेले पैसे टिपून काढले, तर दोन-तीन वर्षांत या व्यवसायाचे खरे आकारमान कागदावर येईल. पुढचा हंगाम दिवाळीला सुरू होतो.