मागणी मोजली कशी, तेही विचारा

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ग्राहक कुठे आहेत आणि कुठे नाहीत, हे दाखवणारे रंगीत नकाशे बनवणं हा माझ्या कामाचा भाग. मागच्या वर्षी भिवंडीत अम्मीच्या घरी ब्रॉडबँड घ्यायला एका कंपनीला फोन केला. उत्तर आलं, "सर, तुमच्या भागात मागणी नाही." त्याच संध्याकाळी गल्लीतली चार मुलं जिन्यावर बसून एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अभ्यास करत होती. मग मागणी नाही, हे ठरवलं कुणी?

मला अमेरिकेतलं कॅन्सस सिटी आठवलं. गुगलने २०१० मध्ये घरोघरी फायबर इंटरनेट देण्याची घोषणा केली, तेव्हा अकराशेहून जास्त गावा-शहरांनी अर्ज केले. टोपेका शहराने तर महिनाभर स्वतःचं नावच 'गुगल' ठेवलं. निवड झाली कॅन्सस सिटीची. जुलै २०१२ मध्ये दर जाहीर झाले: एक गिगाबिट वेगासाठी महिना ७० डॉलर, किंवा जोडणीचे ३०० डॉलर एकदा भरून साधं इंटरनेट पुढची काही वर्षं फुकट.

अट अशी, की शहराच्या २०२ भागांपैकी ज्या भागात मुदतीच्या आत पुरेशी घरं १० डॉलर भरून नाव नोंदवतील, तिथेच केबल येणार. तिथल्या शाळा आणि वाचनालयांची मोफत जोडणीही त्यावरच अवलंबून. वरवर पाहता यात अन्याय कुठे आहे? कुणाची जात विचारली नाही, ना रंग.

पण पात्र भाग हिरवा दाखवणारा नकाशा भरू लागला, तेव्हा ट्रूस्ट अव्हेन्यू या रस्त्याच्या पश्चिमेला हिरवं आणि पूर्वेला बहुतेक पिवळं दिसलं. हा रस्ता म्हणजे गोऱ्या आणि काळ्या वस्त्यांमधली जुनी रेघ. घरविक्री, बँकांची कर्जं आणि शाळांच्या हद्दी यांनी ती कित्येक दशकं पक्की केली होती. गुगलने ती आखली नव्हती, फक्त तिच्यावरून पुन्हा पेन फिरवलं. नोंदणी ऑनलाइन होती. म्हणजे इंटरनेट मागायला आधी इंटरनेट हवं. जो भाड्याने राहतो, त्याने घरमालकाच्या भिंतीत केबल कशी घालून घ्यायची?

मग शिक्षक, ग्रंथपाल आणि स्वयंसेवक दारोदार फिरले. लोकांना समजावलं, नावं भरून घेतली. मुदत संपली तेव्हा किमान १८० भाग पात्र ठरले होते. गरज आधीपासून होतीच, फक्त ती मोजणीत येत नव्हती.

तरीही कंपनी ही कंपनीच असते. २०१६ मध्ये कॅन्सस सिटीत नव्या ग्राहकांसाठी ती फुकट योजना बंद झाली. २०१९ मध्ये लुइव्हिल शहरातून गुगल फायबरने गाशाच गुंडाळला, कारण रस्त्यात उथळ पुरलेल्या केबल वर येऊ लागल्या होत्या. म्हणून दारोदार फिरणं पुरेसं नाही. रस्ता खोदायची परवानगी नगरपालिका देते. कुठल्या वस्त्यांना जोडणी मिळेल आणि किती दिवसांत, ही अट त्या परवानगीतच हवी. ती घाला म्हणून नगरसेवकाकडे आपणच जायला हवं.

आमच्या गल्लीत आम्ही कागदावर यादी केली. जिन्यावरच्या त्या मुलांनीच दारं ठोठावली. ४३ घरांनी सह्या केल्या. कंपनीचा माणूस येऊन पाहणी करून गेला, पण केबल अजून आलेली नाही. मात्र 'मागणी नाही' हे उत्तर आता कुणी देत नाही. पुढच्या आठवड्यात तीच यादी घेऊन आम्ही महापालिकेत जाणार आहोत.

तुमच्या मोहल्ल्याबद्दल कुणी असं म्हणालं, तर आधी विचारा: मोजलंत कसं? आणि मग स्वतः मोजा.