आरोग्य-विचार : फेफरें आणि मानेंतील मज्जातंतु

घरांतील एखाद्या माणसास मधुमेह जडला, तर शेजारींपाजारीं त्याची चर्चा उघडपणें होते; परंतु फेफरें येऊं लागलें कीं बोलणाराचा आवाज एकदम खालीं येतो. पुढें लग्नाच्या वेळीं अडचण पडेल, या भीतीनें आजार झांकला जातो. आणि झांकलेल्या आजारावर उपचार होतात तेहि उशिरां व अर्धवट. या रोगावरील एका उपायाचा परिचय वाचकांस करून देण्याचें आम्ही योजिलें आहे. हा उपाय घरापासून लपवून चालत नाहीं, हा त्याचा विशेष होय.

मेंदूंतील असंख्य पेशींचे विद्युत्संदेश एकाच वेळीं अनावरपणें सुटूं लागले म्हणजे झटका येतो. भूतबाधेचा किंवा पूर्वकर्माचा येथें कांहीं संबंध नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें जगांत सुमारें ५ कोटि लोकांस हा रोग असून, योग्य निदान व उपचार झाल्यास त्यांपैकीं शेंकडा ७० पर्यंत लोक झटक्यांवांचून राहूं शकतात. अर्थात् पहिला उपाय नियमित औषध हाच.

ज्यांचे झटके औषधें नीट घेऊनहि थांबत नाहींत, अशांपैकीं कांहींच्या मेंदूंतील सदोष भाग शस्त्रक्रियेनें काढतां येतो. ज्यांस तेंहि शक्य नाहीं, त्यांच्यासाठीं 'व्हेगस' नामक मज्जातंतूस विजेचें सौम्य चेतन देण्याची पद्धति आहे. हा तंतु मेंदूच्या बुडापासून निघून मानेंतून हृदय, फुप्फुसें व जठर यांकडे जातो; परंतु त्यांतील बहुतेक धागे उलट दिशेनें, शरीराचें वर्तमान मेंदूकडे नेत असतात. त्याच वाटेनें मेंदूंतील खळबळ आवरावी, ही मूळ कल्पना. १९३८ सालीं बेली व ब्रेमर यांनीं मांजरांवर प्रयोग करून या तंतूच्या चेतनाचा परिणाम मेंदूच्या विद्युत्-लहरींवर होतो असें दाखविलें. पुढें १९८५ सालीं जेकब झबारा यांनीं कुत्र्यांमधील झटके या रीतीनें थांबविले. १९८८ सालीं अमेरिकेंत पहिल्या मनुष्यास यंत्र बसविण्यांत आलें, व १९९७ सालीं तेथील सरकारी खात्यानें त्यास मान्यता दिली.

डाव्या छातींत, हांसळीच्या हाडाखालीं, एक लहान चपटी डबी त्वचेखालीं बसवितात. तिची तार मानेंतील डाव्या तंतूभोंवतीं गुंडाळतात. उजव्या तंतूचा हृदयाच्या ठोक्यांशीं अधिक निकट संबंध असल्यानें सामान्यतः डावा निवडतात. बहुधा दर ५ मिनिटांनीं सुमारें ३० सेकंद प्रवाह सुटतो. त्या वेळीं आवाज घोगरा होणें, खोकला येणें, असे त्रास संभवतात; कांहीं वर्षांनीं बॅटरी बदलावी लागते; औषधेंहि चालूंच ठेवावीं लागतात. कालांतरानें सुमारें निम्म्या रोग्यांचे झटके निम्म्यानें किंवा अधिक कमी होतात. ते अजिबात थांबणारे थोडेच. हा रामबाण उपाय नव्हे. पण आठवड्यास चार झटके सोसणारास दोनच येऊं लागले, तर त्याचें मोल त्यासच विचारावें.

या यंत्रासोबत एक लोहचुंबक मिळतो. झटक्याची चाहूल लागतांच तो डबीवरून फिरविला कीं जादा प्रवाह सुटतो, आणि कित्येकदां झटका तेथेंच आवरतो. परंतु रोग्याची शुद्ध गेली, तर तो कोणीं फिरवावा? सासूबाईंपासून, जाऊबाईंपासून आजार लपविलेल्या सुनेच्या उशाशीं लोहचुंबक असून नसून सारखाच! चोरून घेतलेल्या गोळ्यांचीहि तीच गत. एखादे दिवशीं त्या चुकतात, आणि औषध एकाएकीं तुटल्यास झटके अधिक भयंकर होऊं शकतात.

हिंदु विवाहाच्या कायद्यांत अपस्मार हा विवाहास बाध आणणारा दोष गणला होता. १९९९ सालीं तो शब्द गाळण्यांत आला. कायद्यानें जें सोडलें, तें आपण मनांत धरून कां बसावें? मुलीकडील व मुलाकडील मंडळींनीं ही गोष्ट आधींच मोकळेपणानें बोलावी. घरांतील लहानथोरांस एवढें तरी ठाऊक असावें : झटका आल्यास कांदा वा चप्पल हुंगवूं नये, दांतांत चमचा कोंबूं नये, माणसास कुशीवर वळवावें, डोक्याखालीं मऊ वस्त्र द्यावें, वेळ पाहावी, आणि ५ मिनिटांत झटका न थांबल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.

लोहचुंबक यंत्रासोबत येतो. तो वेळेवर उचलणारा हात मात्र घरानेंच द्यावयाचा असतो.