पाद्रीपण सोडले, ख्रिस्त नव्हे

संपादक महाशय,


गांधीजींच्या स्नेह्यांवरील आपल्या लेखात चार्ल्स अँड्र्यूज यांनी ‘धर्म मागे टाकला’ असे म्हटले आहे. हे काही पटले नाही. 1914 मध्ये त्यांनी धर्मगुरूची जबाबदारी सोडली, एवढेच. 1932 च्या आपल्या आत्मकथनात ते ख्रिस्ताचे ऋणच सांगत बसले आहेत! धर्म टाकलेला माणूस असे पुस्तक कशाला लिहील?

त्याच 1914 च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या धक्क्यावर उतरताच या इंग्रजाने वाकून गांधीजींच्या पायांना हात लावला. तिथले गोरे खवळले. अँड्र्यूज यांचा देव गोऱ्यांपुरता नव्हता, हे त्या गोऱ्यांना कळावे कसे?

पुढच्या वर्षी सहकारी पिअर्सन यांच्यासह अँड्र्यूज फिजीला गेले. गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजुरांच्या चाळींत, 10 बाय 7 फुटांच्या खोलीत तीन-तीन माणसे कोंबलेली त्यांनी पाहिली आणि ते लिहून काढले. ही गिरमिट पद्धत बंद पाडण्यात त्या अहवालाचा वाटा मोठा. त्यांची ‘दीनबंधू’ ही पदवी तिथल्या कष्टाची आहे, सरकार दरबारची नव्हे.

आणि ते गांधीजींचे होयबाही नव्हते. 1921 मध्ये परदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या, तेव्हा आपल्याच परदेशी बंधुभगिनींच्या हातचे कापड जाळता कसले, असे त्यांनी आपल्या ‘मोहन’ला, म्हणजे गांधीजींना, खरमरीत कळवले. गांधीजींनी ते पत्र आपल्या ‘यंग इंडिया’ साप्ताहिकात छापले, उत्तरही दिले, होळ्या मात्र थांबवल्या नाहीत. मैत्रीत खंड पडला नाही. लेखात नेमका हाच प्रसंग गाळला आहे.

– एक वाचक, मिरज