पोटखराब्यातला चंडोल

मलबार चंडोलाचे नाव धोक्यातल्या पक्ष्यांमध्ये नाही. आययूसीएनच्या लाल यादीत तो सर्वांत कमी चिंतेच्या गटात मोडतो. राजापूर तालुक्यातल्या नाटे परिसरातले कातळसडे पाहिले की मला मात्र त्याची काळजी वाटते.

हा गाणारा पक्षी जगात फक्त भारतात, तोही मुख्यतः पश्चिम पट्ट्यात राहतो. तपकिरी रेघांचे अंग, डोक्यावर टोकदार शेंडी. जांभ्यावर बसला तर डोळ्यांना सापडत नाही; हवेत चढून गायला लागला की कळते. त्याचा भाऊबंद डोंबारी चंडोल. त्याचा नर पंख फडफडवत वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि आता आपटणार असे वाटते तोच पुन्हा वर उसळतो. दोघांचीही घरटी जमिनीवर, गवताच्या बुंध्याशी नाहीतर ढेकळाच्या आडोशाला. डोंबारीच्या घरट्याच्या काठावर कधी बारीक खडे मांडलेले असतात. त्यांना झाड लागत नाही, मोकळी जमीन लागते.

आणि सड्याची मोकळी जमीन सातबाऱ्यावर पोटखराबा. लागवडीला अयोग्य, म्हणून रिकामी, म्हणून कशालाही द्यायला चालणारी! चिऱ्याच्या खाणी इथेच निघतात. सुरुंग लावून खड्डे पाडायचे, बाहेरची माती भरायची आणि हापूसची कलमे लावायची, तीही इथेच. हापूसवर कोकणातल्या कितीतरी घरांची चूल पेटते, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण दाट बागेत चंडोल राहत नाही. खाडीपलीकडे माडबन परिसरात अणुऊर्जा प्रकल्पासाठी 938 हेक्टर जमीन घेतली गेली. बारसूच्या रिफायनरीची बोलणी निघाली, तेव्हा कच्च्या तेलाच्या टर्मिनलसाठी नाट्याचे नाव पुढे आले.

भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा 2023 चा अहवाल सांगतो की गवताळ आणि मोकळ्या जागांवरचे पक्षी झपाट्याने घटत आहेत. 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे चंडोल पकडून पिंजऱ्यात घालणे गुन्हा ठरतो. सडाच खणून काढला तर त्या कायद्याचा त्याला काय उपयोग?

बारसूची कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण शिल्पाभोवती कुंपण घालून भागते, चंडोलाचे तसे भागत नाही. त्याला सलग सडा हवा.

पक्षी दुर्मीळ होऊन लाल यादीत वर चढेपर्यंत थांबण्याची गरज नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीच्या हाती लोक जैवविविधता नोंदवही दिली आहे. नाट्यासह सड्यावरच्या प्रत्येक गावाने तिच्यात सड्याला स्वतंत्र पान द्यावे. चंडोल कुठे घरटी करतो, कोणत्या महिन्यांत, हे गुरे चारणाऱ्यांना विचारून त्यावर लिहावे. नव्या खाणीचा अर्ज ग्रामसभेत आला, तर निर्णयाआधी ते पान मोठ्याने वाचून दाखवावे.