संधी साधणारी बुरशी

सन 2021 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने ‘काळ्या बुरशी’चा, म्हणजे म्युकरमायकोसिसचा, कहर पाहिला. ही बुरशी कुठून बाहेरून आलेली नव्हती. माती, शेणखत आणि कुजका भाजीपाला हेच तिचे घर. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किंवा मंचरच्या कांद्याच्या वखारीत तिचे बीजाणू श्वासावाटे सहज शरीरात जाऊ शकतात. सुदृढ शरीर त्यांना थारा देत नाही. मात्र कोरोना, स्टेरॉइड आणि अनियंत्रित मधुमेह एकत्र आले, तेव्हा ती नाकातून डोळ्यापर्यंत, मेंदूपर्यंत पोहोचली. कित्येकांचा डोळा वा जबडा काढावा लागला. ती एकापासून दुसऱ्यास लागत नाही. केवळ दुर्बलतेची संधी साधते.

वाचकहो, दुकानाचा ताळेबंद वर्षातून एकदा पुरतो; मधुमेह्याने रक्तशर्करेचा मात्र दर तीन महिन्यांनी तपासावा. स्टेरॉइड, कर्करोगाची वा प्रत्यारोपणानंतरची औषधे घेणाऱ्यांनी ती मनाने बंद करू नयेत. कुजका माल निवडणे, वखार झाडणे ही कामे तेवढी इतरांवर सोपवावीत. चेहऱ्याची एकच बाजू दुखणे वा सुजणे, नाकातून काळसर स्राव, दात हलणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, यांपैकी काही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. येथे विलंबाचे व्याज फार जबर असते.