रुंदीचा रुबाब

माणसाचं कपाळ रुंद असावं, छाती रुंद असावी, अंगण रुंद असावं आणि गावचा रस्ता रुंद असेल तर मग विचारायलाच नको. याबाबतीत माझं कुणाशी भांडण नाही. माझं भांडण आहे ते टायरच्या रुंदीशी.

आमच्या यवतमाळात हल्ली ही एक साथच आली आहे. नवी गाडी घ्यायची, देवळासमोर नेऊन हार घालायचा, नारळ फोडायचा आणि तिथून थेट टायरच्या दुकानात नेऊन कंपनीने दिलेली चारही चाकं उतरवून टाकायची. म्हणजे नवी सून माप ओलांडून आत आली आणि घरच्यांनी आधी तिचे पायच बदलून घेतले! मग त्या जागी चकचकीत अलॉयची चाकं आणि त्यांवर लोडांसारखे गुबगुबीत टायर. गाडी तीच, इंजिन तेच, कर्जाचा हप्ता तोच. फक्त चालवणाऱ्याची मान दोन इंच वर. साध्यासुध्या घरगुती गाडीला वाटू लागतं की आपण स्पोर्ट्स कार आहोत. तिला वाटतं याचं दुःख नाही. मालकालाही वाटतं, याचं आहे.

तुम्ही म्हणाल, बँकेच्या कारकुनाला यातलं काय कळतं? कबूल. मी कॉमर्सचा पदवीधर. यंत्रशास्त्रातला माझा अधिकार पंक्चर ओळखण्यापुरता. पण टायरच्या अंगावर जे लिहिलेलं असतं ते आकडे असतात, आणि आकडे वाचण्याचाच मला पगार मिळतो.

उदाहरणार्थ, 165/80 आर 14. यातले 165 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 80 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या 80 टक्के. आर म्हणजे रेडियल. आणि 14 म्हणजे रिमचा व्यास, इंचांत! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. इतकी भेसळ आमच्या वरिष्ठ कार्यालयाच्या परिपत्रकातही सापडत नाही. आता बेरीज करा. वरची आणि खालची भिंत मिळून 264 मिलिमीटर, रिम सुमारे 356. एकूण उंची 620.

ज्याला रुंदी वाढवायचीच आहे त्याच्यासाठी शास्त्र आहे. रुंदी वाढवली की टक्के उतरवा, रिम एक इंच वाढवा आणि एकूण उंची होती तेवढीच ठेवा. 185/65 आर 15 हा टायर घेऊन बघा; बेरीज 621 ते 622 येते. जमाखर्च जुळला! पण आमच्या शेजारच्या चिरंजीवांना जमाखर्च नको असतो. ते दुकानदाराला म्हणतात, ‘सगळ्यात जाडा कोणता हाय, तो दाखव.’ आणि 205/65 आर 15 घेऊन येतात. त्याची उंची भरते साडेसहाशेच्या जवळपास, म्हणजे आधीपेक्षा साडेचार टक्के जास्त. चाक मोठं झालं हे मीटरला कुणी सांगितलेलं नसतं. पूर्वी मीटरवर 80 असताना गाडी जेवढी पळायची, त्याहून साडेचार टक्के जास्त पळते आणि मीटर निरागसपणे 80 च दाखवतं. बँकेत एवढा फरक निघाला असता तर रात्री अकरापर्यंत कुणी घरी गेलं नसतं.

मी हे एकदा समजावून सांगायला गेलो. चिरंजीव म्हणाले, ‘काका, तुमाले नाही समजत. रुंद टायरनं गाडी रोडले चिकटून चालते न!’

आता या चिकटण्याचा हिशेब. माणसांसकट गाडी 1200 किलोंची धरा. एका चाकाच्या वाट्याला 300. टायरमध्ये हवा 30 पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.1 किलो. भागाकार करा. ढोबळमानाने 143 चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटांसकट पसरलेल्या हाताच्या पंजाएवढी जागा. वाचकहो, तुमचं अख्खं कुटुंब अशा चार पंजांवर जगत असतं! आणि हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केला, तरी हा पंजा फारसा मोठा होत नाही. फक्त लांबट होता तो आडवा होतो. ठेव तेवढीच, खातं बदललं.

या आडव्या पंजाचा उपयोगच नाही असं मी म्हणणार नाही. कोरड्या, गुळगुळीत डांबरावर, वेगात वळण घेताना तो खरोखर कामाला येतो. शर्यतीच्या गाडीच्या इंजिनात शेकडो घोडे असतात, रबर मऊ असतं, आणि पाऊस आला की तिथे खाचांचे वेगळे टायर चढवतात. तिथे पाऊस आला की टायर बदलतात. आपल्याकडे पाऊस आला की रस्ता बदलतो. आपली काळी कपाशीची जमीन ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून डांबरावर येते, वर आषाढाची सर पडते आणि रस्त्याचा साबण होतो. साचलेलं पाणी कापत जायला अरुंद टायर बरा. रुंद टायर त्या पाण्यावर लवकर तरंगू लागतो, आणि तरंगणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवणं म्हणजे बंद खिडकीसमोर रांग लावणं.

आणि भिंत? टायरची भिंत बुटकी केली म्हणजे खड्ड्याचा धक्का रबराऐवजी रिमला बसतो. अलॉयला बाक येतो, टायरच्या भिंतीला फुगा येतो आणि मालकाच्या तोंडाला फेस येतो.

गंमत म्हणजे हे सगळं आमच्या वाडवडिलांना ठाऊक होतं. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवायची तर लोहार ती लालबुंद तापवून चढवी आणि वर पाणी ओती. धाव आकसून चाकाला घट्ट बसे. धाव चाकाच्या मापाची असे; मालकाच्या मिशीच्या मापाची नव्हे. पुढे गाडीला हवेचे रुंद टायर आले, तेही ओझं जास्त नेता यावं म्हणून. आमच्याकडची खरी स्पोर्ट्स कार म्हणजे शंकरपटाचा छकडा. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. इतकं रामायण झालं, पण छकडा हलका तो हलकाच. त्याला ट्रॅक्टरचे टायर लावून रुबाब करावा असं एकाही धुरकऱ्याच्या डोक्यात आलं नाही. आणि आमची शकुंतला! अडीच फुटांच्या रुळांवर ती मूर्तिजापूरपर्यंत कापूस आणि माणसं नेत राहिली, शंभर वर्षांहून अधिक काळ. तिला अरुंद म्हणून कुणी हिणवलं नाही. उशीर होतो म्हणून हिणवलं, ते वेगळं.

कायदाही या रुबाबाच्या बाजूचा नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करू देत नाही, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. अपघातानंतर विम्याचा माणूस टायरवरचे आकडे वाचतो. तो बहुधा कॉमर्सचाच पदवीधर असतो.

एवढं होऊनही मी गप्प बसलो असतो. लोकांचे पैसे, लोकांची हौस. पण शेजारच्याच घरातली गोष्ट सांगतो. कापूस विकून आलेल्या पैशांतून चिरंजीवांनी चार चाकं बदलली. त्याच अंगणात त्यांच्या वडिलांची मोटारसायकल उभी असते. तिच्या मागच्या टायरच्या खाचा कधीच गेलेल्या. माझ्या टकलापेक्षा तुळतुळीत. त्याच गाडीवरून ते रोज शेतात जातात. मृगाच्या पहिल्या पावसात ती आर्णी रोडवर घसरली आणि गळपट्टीचं हाड मोडलं. मी भेटायला गेलो तर म्हणाले, ‘टायर घ्याचाच होता भाऊ, पण पोट्ट्याच्या गाडीले लय पैसे लागले.’ त्यावर मला एकही विनोद सुचला नाही.

म्हणून सांगतो, क्रम बदला. आधी हवा मोजा. तिला काही पैसे पडत नाहीत. मग खाचा बघा. गाडीला किमान 1.6 मिलिमीटर लागतात. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर झिजून तिथवर आलं की टायर संपला. मग टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2319 असेल तर तो 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला, आणि पंचेचाळीस अंशांच्या आमच्या उन्हात रबरही म्हातारं होतं. हे सगळं घरातल्या प्रत्येक चाकासाठी करा. बापाच्या मोटारसायकलीसाठी आधी. त्यानंतरही पैसे उरले आणि रुंदीची हौस उरलीच, तर घराचा दरवाजा रुंद करा. हातापायाला प्लास्टर असलेला माणूस त्यातून आत न्यायला सोपं जातं.